किती डीपीआय

बिस्किटांचे पत्र्याचे सहा डबे,
झाकणांवर बाबाच्या हातची सालं.
आत बटरपेपरच्या पाकिटांत
दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेली माणसं,
अजून उलटीच:
पांढरी लुगडी काळी, दात काळे,
अठरा वर्षांच्या पोरीचेही केस पिकलेले.

गेटाबाहेर स्टँड लावायचा बाबा.
अर्धे पैसे आधी, अर्धे व्हीपीनं.
पाकिटावर नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका,
आणि एखाद्याच्या कोपऱ्यात लाल शाईचं टिंब.
टिंबाचं कधी विचारलं नाही मी.

इतवारीत मुस्तनसीरभाईंनी कपाटातून काढलं.
"फक्त फिल्मसाठीच बनवलेलं आहे. जुनं आहे, पण
असं आता कोणी बनवत नाही."
तोंड पाहिलं त्याचं. पस्तीस एमएमचं.
बाबाच्या निगेटिव्ह चौकोनी, तळहाताएवढ्या.
आईच्या स्लाइड तेवढ्या जातील त्यात,
अंबाझरीच्या बांधावर निळ्या पातळातली आई,
तो एकच डबा.

"आणि धूळ?"
"धूळ स्वतःच पुसतं. इन्फ्रारेड.
रंगीत फिल्ममधून किरण आरपार जातात,
धुळीवर अडतात. अडले की तेवढी जागा मशीन भरून काढतं."
"ब्लॅक अँड व्हाइटचं काय?"
भाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"त्यात चांदी असते ना बेटा. चांदीवर पण अडतात.
मशीन मग चेहऱ्यालाच धूळ समजतं."

पायरीवर येऊन उभी राहिले.
सेहेचाळीस डिग्री. समोर एक जण बर्फ किसत होता.
चेहऱ्यालाच धूळ.
ही चूक करायला मशीनच लागतं असं नाही.

पुण्याहून प्रियदर्शी फोनवर:
"कायले पैसे घालवतं? खालून लाइट लाव,
मॅक्रो लेन्सनं फोटो काढ, दोन दिवसांत खतम."
"मले दोन दिवसांत खतम नाही करायचं."
"मंग काय करून राहिली तू?"
मी फोन ठेवला. उत्तर आलं असतं तर दिलं असतं.

शेवटी सपाट काचेचा आणला, आठ दिवसांच्या बोलीवर.
खोक्यावर छापलंय सहा हजार चारशे,
खरे अडीचेक हजार देतो, हे भाईंनीच सांगितलं.
कूलर बंद. ओल लागते फिल्मला.
घामाचा थेंब काचेवर पडू नये म्हणून
डोक्याला ओढणी बांधून बसले.

पहिलं पाकीट टिंबाचं निघालं.
कौतिकाबाई दहिवले, एकाहत्तरचा दसरा.
बाराशेला लावलं: नितळ गाल,
फोटो काढताना हसायचं असतं हे कुणी न सांगितलेलं हसू.
चोवीसशेला लावलं
आणि गालभर रेघा.
केसाहून बारीक, तिरप्या, एकावर एक.
पेन्सिलीच्या.

देवीचा एकेक व्रण
निगेटिव्हवर बुजवत गेला होता बाबा,
डोळ्याला भिंग, टोक सुईसारखं,
बहुतेक रात्री, आम्ही झोपल्यावर.
तिनं मागितलं नसणार. पाकिटावर
याचे पैसे लिहिलेले नाहीत.
दुसरं टिंब: कपाळावरची खोक.
तिसरं: ओठ.

प्रियदर्शी म्हणतो, जास्तच घे,
मागून कमी करता येते, वाढवता येत नाही.
हे मात्र त्याचं बरोबर आहे.
टिंबाची पाकिटं आता मी दोनदा लावते.
चोवीसशेचं माझ्याकडे राहतं, रेघांसकट.
बाराशेचं छापून पत्त्यावर.

एका फ्रेमला चार मिनिटं. झाकणातला दिवा
सरकतो, थांबतो, परत येतो.
पाच डबे राहिलेत, बोलीचे दिवस तीन.

पोस्टातल्या बाईंनी लिफाफा उलटसुलट केला.
"पिनकोड नाही याच्यावर."
"तेव्हा नव्हता."
"एवढ्या जुन्या पत्त्यावर कोण असंल वं?"
"तुम्ही शिक्का तर मारा."